डॉक्टरांचा उपास

माझ्या सुनेनं माझ्या दंडावर एक गोल बटण चिकटवून दिलंय. ते रक्तातल्या साखरेवर पाळत ठेवतं आणि तिच्या मोबाईलवर माझ्या चुगल्या करतं. सकाळी चहात दोन खाऱ्या बुडवल्या की थोड्या वेळानं तिच्या मोबाईलवरची रेघ डोंगर चढते, मग तशीच घसरत खाली येते, आणि मला पुन्हा खा-खा सुटते. सून समजावते, ‘आई, सकाळचं पहिलं खाणं नीट असलं की दिवसभर भूक वठणीवर राहते. मैदा आणि साखर एकदम रक्तात उतरते, शरीर घाईघाईनं ती खाली ओढतं, म्हणून पोट रिकामं नसतानाही भूक लागते.’ पोरगी हुशार आहे आणि बोलते ते खरंही आहे. आता मी मूगडाळीचा पोळा खाते, सोबत मूठभर शेंगदाणे, आणि रेघ बऱ्यापैकी सपाट राहते. लोकांना शहाणपण यायला वय लागतं, मला बटण लागलं. पण त्या रेघेकडे बघताना माझा जीव कुठे अडकलेला असतो ते तिला ठाऊक नाही. मी तिला कधी सांगितलं नाही. आज लिहून टाकते.

ही गोष्ट माझ्या मायची आहे. आम्ही अमळनेरच्या बाजूचे. दादा, म्हणजे माझे वडील, सुरतेला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारीगर होते आणि आमची खोली डिंडोलीत होती. एका ओळीत दहा-बारा खोल्या, शेवटी सगळ्यांचा मिळून संडास, आणि चोवीस तास कानात कुठून तरी लूमची खटखट. पाहुणे आले की म्हणायचे, या आवाजात झोपता कसे? आम्हाला उलट सणासुदीला लूम बंद पडले की झोप यायची नाही. दादांची एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रातपाळी. रातपाळीहून ते सकाळी यायचे तेव्हा केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर धाग्यांची पांढरी भुकटी असायची. माय त्यांना दारातच थांबवून ओल्या फडक्यानं डोकं पुसून द्यायची आणि म्हणायची, ‘आते दिसनात, नही ते मी म्हनू कोन म्हातारा उना.’ तेवढं एक लाडाचं बोलणं झालं की ती चुलीकडे वळायची. दादांना गरम भाकर लागायची आणि ती त्यांच्या ताटात पडल्याशिवाय मायच्या पोटात चहाशिवाय काही जात नसे. तसा कोणी नियम केला नव्हता. तिच्या आईला तिनं तसं पाहिलं होतं, एवढंच.

गावी असताना मायची न्याहारी कळण्याच्या भाकरीची असे. ज्वारीत अख्खे उडीद आणि खडेमीठ घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. त्याची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ते खाऊन ती शेतात निंदायला जायची आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत तिला भुकेची आठवण यायची नाही. आमच्या माणसांना गावाकडचं सगळंच अमृत वाटतं, मी त्यातली नाही; गावी तिला पोटभर मिळायचं असंही नाही. पण सुरतेत तिचं खाणं बदललं हे खरं. आमचं पोट भरून ती खडे चिकटवायच्या साड्या घेऊन बसायची. मांडीवर साडी, वाटीत डिंक, आणि बाजूला चहाचा कप न् टोस्ट. टोस्ट खाऊन तास-दीड तास गेला की तिचे हात थरथरायचे आणि खडा जागेवर बसायचा नाही. मग दोन बिस्किटं. मग पुन्हा थोडा चहा. रविवारी दादा लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, फाफडा-जिलेबी आणायचे, तेव्हा माय जिलेबीचा पाकसुद्धा बोटानं पुसून खायची. दिवसभर तोंड चालू, तरी भूक आहेच. दादा चिडवायचे, ‘तुन्हं पोट शे का कोठी शे?’ माय हसून म्हणायची, ‘कोठी ते कव्हळ तरी भरस.’ कोठी केव्हा तरी भरते, पण हे पोट भरतच नाही, असं ती गमतीनं सांगत होती आणि आम्ही सगळे हसत होतो.

पुढे तिला तहान लागायला लागली. माठाशी जायची ती तिथेच उभी राहून दोन-दोन तांबे रिचवायची. पायाला पत्रा लागून झालेली जखम पावसाळा सरला तरी भरेना. तेव्हा दादा तिला बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे डॉक्टर गुजराती, पण अर्धी डिंडोली खानदेशी म्हटल्यावर ते हौसेनं आमच्याकडूनच मराठी शिकले होते. ‘तुमची जीभ बाहेर या’ म्हणायचे आणि पेशंट हसला की स्वतःही हसायचे. माणूस मनानं निर्मळ होता, हे मी आजही म्हणते. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, ‘बाई, तुम्हाला साखर झाली.’ चाळीत ही बातमी पसरल्यावर थट्टेला ऊत आला. शेजारच्या लातूरच्या काकू म्हणाल्या, ‘साखरेचा कारखाना चलथाणला अन् साखर हिच्या अंगात, बघा बया!’ माय त्या थट्टेत सामील झाली, पण रात्री ताट पुढे आल्यावर तिनं विचारलं, ‘आते मी काय खाऊ?’

डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी थोड्याच होत्या. गोड बंद. रोज सकाळी न्याहारीच्या आधी एक गोळी. आणि अधूनमधून रक्त तपासायचं. ते रक्ताचं त्यांनी खास आपल्या मराठीत समजावलं, ‘सोमवारी सकाळी या. उपास करून या, हां? उपास पक्का पाहिजे.’ मायचा चेहरा उजळला. सोमवार तिचा महादेवाचा उपास होताच. बाहेर पडताना ती दादांना म्हणाली, ‘डॉक्टरना बी उपास अन् महादेवना बी. एकच उपासमा दोन्ही राजी.’

आता मराठी घरात वाढलेल्याला मी वेगळं सांगायला नको. उपाशी राहणं निराळं आणि उपास करणं निराळं. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, केळं आणि दोन वेळा चहा. एकादशी दुप्पट खाशी असं आपणच म्हणतो. बिचाऱ्या डॉक्टरांना म्हणायचं होतं अनशापोटी या, पाण्याशिवाय काही न घेता. शब्द त्यांनी उचलला उपास. आणि माय तो शब्द अक्षरशः पाळत गेली. तपासणीच्या सोमवारी ती पहाटे उठून न्हायची, महादेवाला पाणी घालायची, साजूक तुपात खिचडी परतायची, ती खाऊन वर साखरेचा चहा घ्यायची आणि धुतलेल्या लुगड्यात दवाखान्यात जाऊन दंड पुढे करायची. चहात साखर? दादा तेव्हा साखरेचे कोतवाल झाले होते. बायकोला चालत नाही म्हणून त्यांनी स्वतःचा चहाही अगोड केला होता, गुळाचा डबा उंच फळीवर ठेवला होता, चाळीत कोणाच्या घरून पेढा आला तर ते दारातूनच परत पाठवत. पण सोमवारी तेच राजगिऱ्याचे लाडू घेऊन यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘उपासनं शे ना? मंग चालस.’ देवाच्या नावानं खाल्लेलं अंगाला बाधत नाही, ही त्यांची खात्री होती. सहा दिवस जिभेला कुलूप लावून बसलेली माय सोमवारची वाट बघायची. तो लाडू खातानाचं तिचं तोंड मला अजून दिसतं.

रिपोर्टमध्ये साखर चढलेलीच यायची. यायचीच. डॉक्टर कागद बघून कपाळाला आठ्या घालायचे. ‘उपास केला होता?’ ‘हो, पक्का.’ ‘सकाळी?’ ‘सकायपासून उपासच शे, डॉक्टर.’ मग ते गोळी वाढवायचे. पुढच्या वेळी पुन्हा तेच आणि गोळी आणखी वाढायची. एकदा ते तिच्यावर ओरडले, घरी चोरून गोड खाता म्हणून. माय वाटेत पदर तोंडाला लावून रडली. ‘तोंड शिवी ठेवं तरी माले चोर म्हने,’ असं म्हणाली. घरी आल्यावर तिनं बाकीच्या दिवसांची भाकरही अर्धी केली. आता ती वाळायला लागली. सकाळी उठून चूळ भरली की पहिलं काम गोळी, विसरायला नको म्हणून. डॉक्टरांनी गोळीनंतर लगेच काहीतरी खा म्हणून बजावलं होतं, पण दादांची रातपाळी असली की ते येईपर्यंत ती थांबायची. थांबताना तिला घाम फुटायचा, उगाच माझ्यावर खेकसायची, मग भाकरीचे चार घास पोटात गेले की शांत व्हायची आणि मला जवळ ओढून म्हणायची, ‘माले काय व्हई जास काय माहीत, पोऱ.’ गोळी साखर खाली ओढत होती आणि खाली ओढायला अंगात साखर नव्हती. आज दंडावरच्या बटणामुळे मला हे कळतं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की साखर चढते. ती उतरू शकते, आणि उतरली तर चढण्यापेक्षा लवकर घात करते, हे आमच्यापैकी कोणाला स्वप्नातही आलं नसतं.

त्या दिवशी दादांच्या जागेवर येणारा दिवसपाळीचा कारीगर आला नाही. मशीन उभं ठेवता येत नाही म्हणून शेठनं दादांनाच थांबवून घेतलं. माझी शाळा दुपारची होती, मी घरीच होते. मायनं गोळी घेतली, पीठ मळून ठेवलं, आणि ती दाराकडे बघत साडीवर खडे लावत बसली. मी म्हटलं, तू खाऊन घे. ती म्हणाली, ‘येतीनच आते.’ रस्त्यावरची भाजीवाली येऊन गेली, ऊन ओट्यावर आलं, तरी दादा नाहीत. मायच्या बोटांतून खडे सांडायला लागले. ती उठून भिंत धरत फळीपर्यंत गेली आणि पाटावर चढून तिनं गुळाचा डबा काढला. तेवढ्यात दादा दारात आले. रातपाळी आणि वर चार तास उभ्यानं काढलेला माणूस, डोळे लाल. त्यांनी बघितलं तर मायच्या हातात गुळाचा खडा, अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरे.

‘माले गूय खाऊ दे,’ माय म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. ‘माले कसंतरी व्हई राहिनं. भूक लागनी माले.’

‘नको!’ दादांनी तिचा हात धरला. ‘साखर चढनी तुन्ही. दख, कशी कापी राहिनी. आते गूय खाशी ते मरशी.’

माय कधी दादांशी झगडली नव्हती. त्या दिवशी झगडली. तिनं मूठ आवळून धरली आणि दादांनी एक-एक बोट उघडून गूळ काढून घेतला. तिच्या तळहाताला जो चिकटला होता तोही त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून टाकला. हे त्यांनी रागानं केलं नाही. ते ‘मन्ही माय, ऐक, ऐक’ म्हणत होते. रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांचं कडू पाणी त्यांनी तिला पाजलं, कारण कडूनं गोड उतरतं असं सगळेच सांगायचे. थोड्या वेळानं माय गप्प झाली. डोळे मिटून आडवी झाली. दादा म्हणाले, आता बरं वाटतंय तिला, पडू दे. मला म्हणाले, तू शाळेत जा. ते तिच्या शेजारी भुईवर टेकले आणि टेकताच झोपले.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा दोघंही तशीच. दादा घोरत होते. माय पण घोरत होती, आणि ती कधीच घोरत नसे. मी तिला हलवलं, हाका मारल्या, गालावर पाणी मारलं. मग दादा उठले. रिक्षा, लातूरच्या काकू, दवाखान्याच्या पायऱ्या हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डॉक्टरांनी मायच्या कपाळाला हात लावला, गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोठ्या सिरिंजमध्ये साखरेचं पाणी भरून तिच्या शिरेत सोडलं. दादा ओरडले, ‘साखर? तिले साखर देतस?’ डॉक्टर त्यांच्याकडे वळलेही नाहीत. मग मोठं हॉस्पिटल. तिथे बाटलीमागून बाटली, सगळ्या साखरेच्याच.

माय डोळे उघडीना. एका दुपारी डॉक्टर हॉस्पिटलात आले आणि बाकावर आमच्याजवळ बसले. त्यांना कोडं पडलं होतं, एवढ्या चढलेल्या साखरेला ही गोळी जास्त कशी झाली. त्यांनी दादांना विचारलं, तपासणीच्या सोमवारी बाई सकाळी काय खायच्या? ‘काही नही,’ दादा म्हणाले, ‘उपासच राहे तिले. साबुदाना, भगर, कधी राजगिराना लाडू, अन् चहा.’ डॉक्टर म्हणाले, ‘पण मी तर सांगितलं होतं, उपास करून या.’ ‘तेच तर करं तिनी,’ दादा म्हणाले, ‘एक सोमवार नही मोडा.’ डॉक्टरांना कळायला वेळ लागला. फराळानं चढलेली साखर ते रोजची धरून गोळी वाढवत गेले होते, हे कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. फराळ त्यांच्याही घरी होत असणार, पण रक्त द्यायला येताना कोणी फराळ करून येईल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. एक शब्द दोन माणसांनी आपापल्या परीनं प्रामाणिकपणे वापरला होता. मी कित्येक वर्षं कोणावर रागवावं ते शोधत होते. आता शोधत नाही, पण राग गेलाय असंही नाही.

मायनं डोळे उघडले, पण आमची माय परत आली नाही. मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. ती चालायची, बोलायची, हसायची सुद्धा. फक्त आम्हाला ओळखत नव्हती. मला ‘बाई’ म्हणायची. खाल्लेलं तिच्या लक्षात राहत नसे, हात धुऊन उठली की पुन्हा म्हणायची, भूक लागनी. दादांनी रातपाळी सोडली आणि कमी पैशाची, पण फक्त दिवसाची कामं धरली. त्यांनी भाकर थापायला शिकून घेतलं. त्यांच्या भाकरीला पापुद्रा कधी सुटला नाही, कडा नेहमी फाटलेल्या. पहाटे ते कळण्याची भाकर करायचे, दुधात कुस्करायचे आणि कामावर जायच्या आधी एकेक घास मायला भरवायचे. चाळीतल्या बायका त्याबद्दल त्यांचं कौतुक करत, तेव्हा ते उठून आत जात. भेटेल त्याला ते एकच सांगायचे, ‘तिन्हा हातमाथून गूय मी काढी लिधा.’ लोक म्हणत, तुम्हाला काय माहीत होतं? ते मान डोलवायचे. त्यांना ते पटलेलं मी कधी पाहिलं नाही.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी मी चुलीपाशी होते आणि दादा नेहमीसारखे मायसमोर ताटली घेऊन बसले होते. तिनं खाल्लं, तोंड पुसून घेतलं आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. त्या दिवसांत तिचं कोणाकडे असं लक्ष जात नसे. दादा ताटली हातात धरून तसेच थांबले. मला वाटलं, ओळखते आहे. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘तुम्ही रोज माले खावाडतस. तुम्हनी न्याहारी व्हयनी का?’

भाऊ. दादांनी ताटली खाली ठेवली. ‘व्हयनी,’ ते म्हणाले. झाली नव्हती.

‘घर बायको शे का?’

‘शे.’

‘ती देस ना तुम्हले गरम भाकर?’

‘देस. रोज देस.’

माय समाधानानं हसली. मग एखाद्या पाहुण्याला वाटेला लावताना चार शब्द सांगावेत तशी, त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, ‘मंग तिले सांगा, तुम्हनी वाट दखत उपाशी ऱ्हाऊ नको म्हना. खाई ले म्हना.’

‘सांगसू,’ दादा म्हणाले.